इंग्रजीवर भागेल काय?

खानापूर तालुक्यातील एका मातेचे पत्र आमच्यासमोर आहे. पत्र जेमतेम आठ ओळींचे. परंतु त्या आठ ओळींत एका घराची सारी चिंता उतरली आहे. थोरल्या मुलाला स्वीडन देशातील उप्साला विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी जायचे आहे. त्याच्यासाठी काजूची बाग गहाण टाकावी लागेल. वडील 'जा' म्हणत नाहीत आणि 'नको'ही म्हणत नाहीत. मुलाचे म्हणणे असे की, तेथे अध्यापन इंग्रजीतून चालते, दुकानदारापासून गाडीच्या चालकापर्यंत सर्वांना इंग्रजी येते, तेव्हा काळजीचे कारणच नाही. शेवटी ती माउली विचारते, "तुम्ही त्या देशात विद्यार्थी म्हणून राहून आला आहात. माझ्या मुलाचे तेथे नुसत्या इंग्रजीवर भागेल काय?"

आम्ही २०१२ सालच्या ऑगस्ट महिन्यात उप्सालाला गेलो आणि दोन वर्षे तेथे राहिलो. त्या अनुभवावरून सांगतो की वर्गात भागेल, दुकानात भागेल, कचेरीतही बहुधा भागेल. परंतु मनुष्य वर्गात, दुकानात आणि कचेरीत राहत नाही. तो शेजारात राहतो. आणि तेथे भागत नाही. हे आम्हास उशिरा कळले, आणि ज्या प्रसंगाने कळले तो सांगताना आजही आम्हास संकोच वाटतो. तो प्रसंग पुढे येईलच. प्रथम त्या गावाची ओळख करून घेऊ.

उप्साला हे स्टॉकहोमच्या उत्तरेस आगगाडीने सुमारे पाऊण तासाच्या अंतरावर असलेले नदीकाठचे शहर. तेथील विद्यापीठ उत्तर युरोपातील त्या देशांत सर्वांत जुने. पोप चौथे सिक्स्टस यांच्या आज्ञापत्राने ते १४७७ साली स्थापन झाले. आपण ज्या अंशांत हवेचे तापमान मोजतो त्या अंशांना ज्याचे नाव मिळाले तो सेल्सिअस येथलाच प्राध्यापक; आणि झाडापाडांना दोन पदांची लॅटिन नावे देण्याची रीत ज्याने रूढ केली तो कार्ल लिनियसही येथलाच.

या लिनियसची एक गोष्ट आपल्या प्रश्नाशी जवळची आहे. १७३५ साली तो शिक्षणासाठी हॉलंडला गेला व तीन वर्षांनी परतला. पुढे आत्मवृत्तात त्याने मोकळेपणे सांगून टाकले की, इतकी वर्षे राहूनही आपणांस डच भाषा आली नाही. तरी आपले कोठे अडले नाही. अडावे कसे? त्या काळी युरोपातील पुष्कळ विद्वान लॅटिनमध्ये लिहीत व बोलत. त्या भाषेच्या जोरावर कोणत्याही देशाच्या विद्यापीठाचे दार उघडत असे. आज लॅटिनच्या त्या आसनावर इंग्रजी बसली आहे. स्वीडनमध्ये पदवीपूर्व शिक्षण बहुतांशी स्वीडिश भाषेतूनच चालते. परंतु पदव्युत्तर अभ्यासक्रम शेकड्यांनी इंग्रजीतून आहेत. तेव्हा खानापूरचा मुलगा म्हणतो ते खोटे नाही. लिनियसचे भागले तसे त्याचेही भागेल. मात्र लिनियसचे भागले ते पंडितांच्या मेळाव्यात. ज्या घरात तो उतरला असेल त्या घरची मोलकरीण त्याच्याविषयी काय म्हणत होती, हे त्याला कधीच कळले नसेल.

आता खर्चाचे बोलू, कारण बाग गहाण पडायची आहे. एके काळी स्वीडनमध्ये परक्या देशांच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क नव्हते. २०११ च्या शरद ऋतूपासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना ते लागू झाले. डेन्मार्कने २००६ साली, फिनलंडने २०१७ साली आणि नॉर्वेने २०२३ साली हाच मार्ग धरला. स्वीडनमधील शुल्क विषयाप्रमाणे वर्षाला सुमारे ऐंशी हजार क्रोनरपासून तीन लाख क्रोनरच्या आसपास जाते. क्रोनर हे तेथील नाणे. २०२५ साली एका क्रोनरला सुमारे नऊ रुपये पडत. याखेरीज राहण्याजेवण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम आपल्यापाशी आहे, हे परवान्यासाठी दाखवावे लागते. २०२५ साली ही रक्कम दरमहा दहा हजार क्रोनरच्या वर होती. म्हणजे शुल्क वेगळे आणि वर्षाचे सुमारे अकरा लाख रुपये वेगळे. 'तेथे गेल्यावर काम करून फेडीन' या भरवशावर कोणी कर्ज काढू नये. कामाचे व वास्तव्याचे नियम बदलत असतात. ते दलालाच्या तोंडून ऐकू नयेत, त्या त्या सरकारी कचेरीच्या पानावर स्वतः वाचावेत. अर्ज विद्यार्थ्याला स्वतःच थेट करता येतो आणि त्याचे शुल्क नऊशे क्रोनर आहे. विद्यापीठांच्या शुल्कमाफीच्या शिष्यवृत्त्याही असतात. त्या थोड्या आहेत, तरी प्रयत्न अवश्य करावा.

अभ्यासाची रीत आपल्याहून निराळी. आपल्याकडे पाचसहा विषय वर्षभर बरोबरीने चालतात. तेथे बहुधा एक विषय घ्यावयाचा, पाचएक आठवडे त्यातच बुडून जावयाचे, परीक्षा द्यावयाची आणि मग दुसरा विषय. व्याख्याने थोडी, स्वतःचे वाचन फार. परीक्षेच्या कागदावर नाव नसते, केवळ एक सांकेतिक क्रमांक. त्यामुळे तपासणाऱ्यास विद्यार्थी कोण हे ठाऊक नसते. वेळापत्रकात दहा लिहिले असेल तर वर्ग सव्वादहाला सुरू होतो. या पंधरा मिनिटांना तेथे 'विद्यापीठाची पाव घटका' अशा अर्थाचे नाव आहे. पहिल्या दिवशी आम्ही दहाला जाऊन रिकाम्या वर्गात बसलो आणि या देशातही आपल्यासारखाच उशीर चालतो म्हणून मनात सुखावलो. परंतु सव्वादहानंतर एक क्षणही कोणी थांबला नाही!

सर्वांत मोठा धक्का बसला तो संबोधनाचा. पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांना विद्यार्थी त्यांच्या पाळण्यातल्या नावाने, एकेरीत हाक मारीत. ज्यांनी फादरांसमोर आणि मास्तरांसमोर कधी मान वर केली नाही, त्या आमच्या जिभेला हे वळण पडेना. पुढे समजले की, पूर्वी तेथेही हुद्दा आणि पदवी लावून बोलण्याची कडक रीत होती. १९६० नंतरच्या दशकात ती झपाट्याने मोडली. १९६७ साली ब्रोर रेक्सेड हे सरकारी वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले आणि आपण सर्व कर्मचाऱ्यांना 'तू' म्हणणार व त्यांनीही आपणांस 'तू' म्हणावे, असे त्यांनी जाहीर केले. ही घटना तेथे अजून सांगितली जाते. तेथला 'तू' हा उद्धटपणाचा नाही. 'आपण सारे एका पंक्तीचे' असा त्याचा भाव आहे. हे आम्हास व्याख्यानांतून कळले नाही, भाषा शिकू लागलो तेव्हा कळले.

राहावयास जागा मिळणे हे तेथील विद्यार्थ्याचे मोठे दुखणे. विद्यार्थ्यांच्या इमारतींत प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि मजल्यावरील दहाबारा जणांना मिळून एक स्वयंपाकघर, अशी सोय असते. पण तेथे नंबर लागण्यास फार काळ जातो. आम्हास एका वृद्ध विधवाबाईंच्या घरात भाड्याने खोली मिळाली. घर तिसऱ्या मजल्यावर, चार खोल्यांचे, लखलखीत. जोडे दाराशी काढावयाचे, हे पाहून आम्हास घरच्यासारखे वाटले. कपडे धुण्याची यंत्रे तळघरात, साऱ्या इमारतीला मिळून. त्यासाठी फळ्यावर आपली वेळ राखून ठेवावी लागे. दुसऱ्याच्या वेळेत पाऊल टाकले तर भांडण होत नसे. भिंतीवर एक चिठ्ठी लागे. आपल्या नळावरच्या भांडणापेक्षा ती चिठ्ठी अधिक बोचते, हे अनुभवाने सांगतो.

भाषेच्या फजित्या प्रारंभी गमतीच्या होत्या. दुकानातून दुधाचा म्हणून पुडा आणला, चहात ओतला, तो चहा नासला. पुड्यात आंबवलेले दूध होते. त्याला तेथे 'फील' म्हणतात. चवीला आपल्या दाट ताकाच्या जवळचे. आणि 'ताक्' हा शब्दही त्या भाषेत आहे. पण त्याचा अर्थ 'आभारी आहे'! ताक हवे असेल तर 'फील' म्हणावे आणि ते मिळाल्यावर 'ताक्' म्हणावे, एवढी विद्या आम्ही पहिल्या आठवड्यात संपादन केली आणि तेथेच थांबलो. कारण पुढची गरजच वाटली नाही. तेथील लोक उत्तम इंग्रजी बोलतात आणि अत्यंत सौजन्यशील आहेत. आपण त्यांच्या भाषेत अडखळलो की आपल्याला त्रास नको म्हणून ते लगेच इंग्रजीवर येतात. हे सौजन्यच नवख्याच्या वाटेतला धोंडा ठरते. कॉफीच्या वेळी वर्गमित्रांच्या घोळक्यात हशा पिकलेला असे. आम्ही जाऊन उभे राहिलो की सारे आमच्यासाठी इंग्रजी बोलू लागत, आणि हशा मात्र हळूहळू आटत असे. कोणी आम्हास वगळीत नव्हते. तरी आम्ही त्यांच्यातले होत नव्हतो.

मग हिवाळा आला. उप्सालास डिसेंबरात सकाळी नऊच्या सुमारास उजाडते आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये मध्यरात्रीही पुरता काळोख होत नाही. त्याची जणू डिसेंबर व्याजासह वसुली करतो. आगमनकाळ सुरू होताच खिडक्याखिडक्यांतून दीप आणि कागदी तारे लागतात. १३ डिसेंबरला संत लुसियाचा दिवस. त्या दिवशी मुली पांढरे झगे घालून, हाती मेणबत्त्या घेऊन गात जातात. सिसिलीची ही हुतात्मा कुमारिका चारशे वर्षांहून अधिक काळ लुथरपंथी असलेल्या त्या देशात इतकी प्रिय असावी, याचे आम्हास नवल वाटले. पण तो काळोख पाहिल्यावर वाटेनासे झाले. जानेवारीत ते दीपही उतरतात. तेव्हा खोलीत एकट्या बसलेल्या परदेशी मुलाच्या मनात काय काय येते, ते त्याने घरी पाठवलेल्या छायाचित्रांत दिसत नाही.

आता तो प्रसंग. फेब्रुवारी महिना होता. आमच्या घरधनीणबाई ऐंशी ओलांडलेल्या. त्यांना इंग्रजी दोनचार शब्दांपुरते येई. सहा महिने आमचा त्यांच्याशी व्यवहार 'हेय' आणि 'ताक्' या दोन शब्दांवर चालला होता. एके सकाळी आम्ही वर्गास निघालो असता त्या आपल्या खोलीच्या दारात आल्या, चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि काही बोलल्या. आम्हास समजले नाही. त्यांनी तेच पुन्हा सांगितले. आम्हास वाटले, कपडे धुण्याच्या पाळीविषयी असेल. आम्ही हसून मान डोलवली, 'हो, हो, ताक्' म्हटले आणि जिना उतरून गेलो. सव्वादहाचा वर्ग चुकू नये, एवढेच त्या वेळी मनात होते.

सायंकाळी परतलो तो घरात त्यांची भाची. बाईंच्या छातीत कळ आली होती. दुपारी त्यांनी स्वतःच कसाबसा दूरध्वनी केला आणि रुग्णवाहिकेने त्यांना रुग्णालयात नेले. परमेश्वराची कृपा, की त्या वाचल्या आणि तीन आठवड्यांनी घरी आल्या. भाचीने आम्हास एक शब्दही लागेल असा उच्चारला नाही. तिने केवळ विचारले, "सकाळी मावशीने तुम्हाला सांगितले ना?" आम्ही म्हटले, "सांगितले. पण आम्हास कळले नाही." काय सांगितले होते, हे तिनेच मग इंग्रजीत सांगितले: दुखते आहे, भाचीला बोलवा. 'दुखणे' याला त्यांचा शब्द 'उन्त'. हा एवढासा शब्द. तो सकाळी दोनदा आमच्या कानांवर पडला होता. घरी आजारी शेजाऱ्यासाठी रात्री कंदील घेऊन डॉक्टरकडे धावणाऱ्या माणसांची आम्ही लेकरे. आणि शेजारधर्माच्या परीक्षेत आम्ही एका शब्दासाठी नापास झालो.

त्याच आठवड्यात आम्ही भाषेच्या वर्गात नाव घातले. स्वीडनमध्ये नव्याने स्थायिक झालेल्यांसाठी नगरपालिका स्वीडिशचे वर्ग विनामूल्य चालवतात. वर्षभर वा अधिक राहणाऱ्याला तेथे एक व्यक्तिक्रमांक मिळतो. जन्मतारीख आणि पुढे चार आकडे असे त्याचे रूप. बँकेचे खाते, दवाखाना, सारे काही या क्रमांकावर चालते, आणि तो मिळाला की हे वर्गही खुले होतात. आमच्या वर्गात सीरियाचा एक न्हावी होता, थायलंडची एक सून होती, सोमालियाची एक आजी होती. त्यांतील निम्म्यांना इंग्रजी येत नव्हते. तेव्हा एकमेकांशी बोलावयाचे तर मोडक्या स्वीडिशवाचून गत्यंतर नव्हते. तेथेच आमची जीभ सुटली. बाई बऱ्या होऊन आल्यावर रोज दुपारी कॉफी आणि दालचिनीची गोड पोळी पुढ्यात ठेवून त्या आमचे उच्चार सुधारू लागल्या. दुकानात वा कचेरीत कोणी सौजन्याने इंग्रजीवर आले की आम्ही म्हणू लागलो, "स्वीडिशच बोला, मला शिकायचे आहे." या एका वाक्याने जेवढी दारे उघडली, तेवढी आमच्या साऱ्या इंग्रजीने उघडली नव्हती.

रविवारी हाच धडा निराळ्या प्रकारे मिळे. उप्सालातील कॅथलिक मंदिर संत लार्स, म्हणजे आपले संत लॉरेन्स, यांच्या नावाचे. साऱ्या स्वीडन देशाला मिळून स्टॉकहोमचे एकच धर्मप्रांत आहे. त्याचे महागुरू आंदेर्स आर्बोरेलियस २०१७ साली कार्डिनल झाले, आणि त्या देशातून तो मान मिळवणारे ते पहिलेच. भाविक मात्र बहुतेक परदेशांतून आलेले. आमच्या आजोबांच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे; खानापूरचा मनुष्य उप्सालास गेला असता तरी त्याला तीच प्रार्थना ऐकू आली असती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली आणि परक्या गावी गेलेल्याची थोडी गैरसोय झाली, हे खरे. प्रारंभी आम्ही केवळ इंग्रजी मिस्सेस जात असू. पुढे स्वीडिश मिस्सेस जाऊ लागलो, तेव्हा एका बाकावर पोलंडचे, इराकचे आणि चिलीचे कुटुंब बसलेले पाहिले. 'शांती असो' म्हणून हात पुढे करताना ते एकमेकांशी स्वीडिशच बोलत. परक्यांनाही परक्यांशी जोडणारी भाषा तेथे इंग्रजी नव्हती.

एका गोष्टीविषयी मात्र सावध करणे आवश्यक आहे. भाषा शिकणे म्हणजे आपली माणसे सोडणे नव्हे. उप्सालास विद्यार्थ्यांची तेरा मंडळे आहेत. त्यांना तेथे 'नेशन' म्हणतात. सतराव्या शतकात एकाच प्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांनी परगावी एकमेकांच्या आधारासाठी ती काढली. आपल्या गोमंतकीय बांधवांनी मुंबईत गावोगावच्या नावाने कूड चालवले, बोटीवर जाणाऱ्या-येणाऱ्यांना तेथे पथारी मिळे आणि सायंकाळी सर्वांनी मिळून रोजरी म्हणावयाची असे, तोच हा प्रकार समजा. आज ही मंडळे सर्वांना खुली आहेत. तेथे स्वस्तात जेवण मिळते, गायनाचा मेळा असतो, स्वयंपाकघरात काम करून ओळखी होतात. कूडातल्या मनुष्याने कूडात राहूनही मुंबईची भाषा उचलली आणि काम मिळवले. जो कूडाबाहेर पडलाच नाही, त्याला मुंबई कळली नाही. परदेशी गेलेल्या मुलांनी रविवारचा भात-आमटीचा बेत आपल्या मंडळींत जरूर करावा. सातही दिवस मात्र तोच करू नये.

शिक्षणानंतर तेथे नोकरी करण्याचा विचार असेल, तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची. यंत्रगणकाच्या किंवा अभियांत्रिकीच्या काही कामांत इंग्रजीवर निभावते. परंतु परिचारिका, डॉक्टर यांना तेथील परवाना हवा असेल तर स्वीडिश भाषेचे ज्ञान सिद्ध करावेच लागते. आणि ते योग्यच आहे. रुग्ण आपल्या वेदना परक्या भाषेत सांगत नाही, हे आम्ही वेगळे कशाला सांगावे?

तेव्हा ताई, बाग गहाण टाकावी की नाही, हे आम्ही येथून सांगू शकत नाही. तो निर्णय तुम्ही उभयतांनी, मुलाच्या विषयाचे शुल्क आणि घरातील धाकट्यांची शिक्षणे समोर ठेवून घ्यावयाचा आहे. एक कसोटी मात्र सुचवतो. बँकेच्या कागदावर सही होण्यापूर्वी मुलाने तीन महिने रोज अर्धा तास स्वीडिशचा अभ्यास करावा. मोबाईलवर त्याचे धडे फुकट मिळतात. त्यासाठी बागेतील एक काजूही विकावा लागणार नाही. त्याने शंभर शब्द पाठ केले, चारचौघांत चुकीचे बोलून हसे करून घेण्याची तयारी दाखवली, तर तेथील काळोखाचे महिनेही तो निभावून नेईल, असा विश्वास आम्हास वाटतो. 'इंग्रजी आहे ना, मग हे कशाला?' असे त्याने तिसऱ्या दिवशी म्हटले, तर मात्र सहीस थोडे थांबावे.

आणि त्या शंभर शब्दांत 'उन्त' हा शब्द त्याने सर्वांआधी शिकावा.